‘गेली’ नाही, ‘नेली’ म्हणा

“लाईट गेली” असं सिस्टरांच्या घरात म्हणायची सोय नव्हती. राहायला गेले त्या पहिल्याच संध्याकाळी मी सवयीनं म्हणाले, आणि खालच्या अंगणातून आवाज आला, “मॅडम, तिला काय पाय हायेत व्हय, आपली आपण जायला? कुणीतरी खटका वढला तवाच अंधार झाला ना? मग नेली म्हणा. ‘गेली’ म्हणलं की कुणाचंच नाव घ्यावं लागत न्हाई.”

मी जिन्यात मोबाईलचा टॉर्च धरून उभी. म्हणाले, “बरं सिस्टर, नेली.”

“हां. आता कसं.”

श्रीगोंदा तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावात मी ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवायला लागले, तेव्हा त्यांच्या माडीवरच्या दोन खोल्या मला भाड्यानं मिळाल्या. सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. गावातली अर्धी तरुण पिढी त्यांच्या हातून जन्माला आलेली. त्यांचं खरं नाव पोस्टमनला तरी माहीत होतं की नाही, शंकाच आहे. उंच, काटक, केस घट्ट मागे बांधलेले. आणि नर्सचं पेन जिथे खोचतात तिथे, पदराच्या आड, विजेचा टेस्टर खोचलेला.

दवाखाना सुटला तरी त्यांचा पेशंट सुटला नव्हता. फक्त आता तो पेशंट म्हणजे ओसरीवरचा दिवा होता. संध्याकाळी कपाळावर हात आडवा धरून त्या त्याच्याकडे बघत आणि निदान सांगत. दिव्यातली तार नुसती लालसर दिसायला लागली, पंख्याची पाती मोजता यायला लागली, की “बीपी लो हाय, फ्रीज बंद करा.” आणि दिवा डोळ्यांत खुपण्याइतका उजळला की “बीपी वाढलं! मेन बंद! मॅडम, मेन बंद करा आधी, मग इचारा का ते.”

वीज बंद झाली की त्या स्टीलचं ताट चमच्यानं बडवत. ते ऐकून माडीवर मी आणि शेजारी शिंपीचाचा, आम्ही आपापला मेन स्विच खाली ओढायचा, असा नियम. खरी परीक्षा वीज परत आल्यावर. सगळ्या गल्लीत “आली, आली!” म्हणून पोरं ओरडायची, टीव्ही बोलायला लागायचे, आणि आम्ही मात्र अंधारात. “आल्या पाहुण्याला आधी वट्यावर बसवा,” सिस्टर म्हणायच्या. “मानूस कसा हाय बघा. मग घरात घ्या.” त्यासाठी त्यांनी ओसरीत एक जुना दिवा वेगळ्या बटणावर लावला होता. त्याचं नाव ‘बकरा’. पहिल्यांदा बकरा लागायचा. तो जगला तर ताटावर एकच ठोका पडायचा आणि मग आमच्या घरांत उजेड. बकरा मेला तर सिस्टर नवा बकरा आणायला बाजारात.

मला हसू यायचं. स्टाफरूममध्ये मी त्यांच्या गोष्टी सांगायचे आणि सगळे हसायचे. पण सहा महिन्यांत, ज्यांच्या घरी बकरा नव्हता अशा माझ्या दोन सहकाऱ्यांचे टीव्ही जळले. माझ्या खोलीतला साधी ट्यूबलाईटसुद्धा टिकून होती.

मेलेले दिवे सिस्टर टाकून देत नसत. जिन्याखाली एक पोतं होतं, त्यात जुने काचेचे, नवे एलईडीचे, सगळे एकत्र. मी एकदा विचारलं, कशाला ठेवता? म्हणाल्या, “साक्षीदार हायेत ते. साक्षीदार कुणी कचऱ्यात टाकतं का?”

बाजारातला इलेक्ट्रिकवाला त्यांना लांबून बघितलं तरी आत जायचा. गॅरंटीचा एलईडी महिन्याभरात काळा ठिपका पडून बंद झाला की त्या तो घेऊन जायच्या. तो म्हणायचा, “सिस्टर, हा व्होल्टेजनं गेला. व्होल्टेजनं गेलेला गॅरंटीत बसत नाय.”

“मग कशानं गेलेला बसतो? म्हातारपनानं?”

“कंपनीचा नियम आहे.”

“म्हंजे दिवा इकनाऱ्याची चूक न्हाई, वीज इकनाऱ्याची चूक न्हाई, फकस्त लावनाऱ्याची चूक. आमी अंधारात बसलो तर सगळेच निर्दोष.”

तक्रारीच्या नंबरवर त्या रोज फोन लावायच्या. पलीकडे कोण तरुण असेल त्याला आधी विचारायच्या, “जेवलास का बाळा?” आणि तो “हो” म्हणाला की सुरू. पलीकडून ठरलेलं उत्तर यायचं, “वरूनच गेलीय.” त्यावर सिस्टरांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. “वर म्हंजे कुठं? आभाळात? देवानं खटका वढला का? वरच्या मानसाला नाव असंल ना? का वर नुसती हवाच हाय?”

एवढा राग कशाला, असं मला वाटायचं. चार दिवे गेले तर गेले. पण त्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांचा राग का होता ते मला कळलं, आणि आज इतक्या दिवसांनी तो माझाही झाला आहे.

त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत एक विचित्र प्रकार सुरू झाला. समोरच्या बाजूच्या घरांत दिवे कोळशासारखे लाल व्हायचे, आणि त्याच वेळी आमच्या बाजूचे दिवे पांढरेफटक पेटायचे. समोर पिठाची गिरणी होती. गिरणी सुरू झाली की हे हमखास. गिरणीवाल्याची मोटार घरघरत बंद पडायची आणि तो रस्त्यात येऊन आमच्याकडे बोट करायचा, “तुमी लोकं आमची लाईट वढून घेता!”

“वढायला ती काय दोरी हाय?” सिस्टर इकडून.

शेवटी कोपऱ्यावरच्या डीपीपाशी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या खांबापाशी, लाईनमन आला तेव्हा त्यानं खरं सांगितलं. तीन तारा वीज आणतात आणि एक तार ती परत नेते. त्या परतीच्या तारेचा जोड जळून ढिला झाला होता. जोड ढिला झाला की तोल जातो, ज्या बाजूला जास्त भार तिकडे दाब कमी, ज्या बाजूला कमी भार तिकडे दाब जास्त. आमची बाजू कमी भाराची. म्हणजे गिरणी चालली की आमच्या दिव्यांवर संक्रांत.

“मग कर की दुरुस्त,” सिस्टर म्हणाल्या.

“सामान न्हाई सिस्टर. मागितलंय. अन् लाईन बंद करायची तर साहेबांची परवानगी लागती. मला एकट्याला इतकी गावं, मी तरी कुठंकुठं मरू?”

त्याच्यावर सिस्टर चिडल्या नाहीत. त्याला पाणी दिलं, आणि दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन वीज कंपनीच्या साहेबांच्या कार्यालयात गेल्या.

साहेब उद्धट असते तर बरं झालं असतं. ते फार गोड होते. “या काकू, बसा. चहा सांगू?” डोक्यावर ट्यूबलाईट, जराही न थरथरता जळत होती. कोपऱ्यात इन्व्हर्टरची गुणगुण. सिस्टरांनी वर बघितलं, मग साहेबांकडे बघितलं.

“डीपीचा जोड जळालाय. कुनाचा तरी जीव जाईल.”

“काकू, तुमच्या भागातली घरं जुनी. घरातलं वायरिंग खराब असेल. एकदा चांगल्या वायरमनकडून तपासून घ्या.”

“सगळ्या गल्लीचं एकदमच खराब झालं?”

“बघतो ना आम्ही. नक्की बघतो.”

असं पुन्हा पुन्हा झालं. दर वेळी चहा यायचा, दर वेळी ‘नक्की बघतो’. बाहेर पडताना सिस्टर म्हणायच्या, “याच्यापरीस शिव्या दिल्या असत्या तर कळलं तरी असतं की आयकू गेलं म्हनून.”

आता शिंपीचाचांबद्दल सांगायला हवं. आमच्या भिंतीला लागून त्यांचं दुकान, मागे घर. सत्तरीकडे झुकलेले, मेंदी लावलेली दाढी, बोलणं इतकं हळू की मशीन थांबवल्याशिवाय ऐकू यायचं नाही. त्यांनी एलईडी लावला नव्हता. त्यात दोऱ्याचा रंग नीट कळत नाही, आणि दाब हलला की डोळ्यांसमोर नुसतं लपलप होतं, असं त्यांचं म्हणणं. मशीनच्या सुईवर, हातभर अंतरावर, वायरला लोंबणारा जुन्या पद्धतीचा पिवळा दिवा. सिस्टर रोज सांगायच्या, “चाचा, तो दिवा वर घ्या.” चाचा मान हलवायचे. “सिस्टर, सुईत दोरा कसा घालू मग? तुमी येनार का घालायला?”

त्या दिवशी दुपारी अवकाळी ढग भरून आले होते. मी साडीला फॉल लावायला द्यायला दुकानात गेले होते. दुकानात अंधारून आलं म्हणून चाचांनी दिवा लावला. काळ्या कापडावर काळ्या दोऱ्यानं काज करत होते. समोर गिरणी सुरू झाल्याचा आवाज आला. दिवा पिवळ्याचा पांढरा झाला, मग निळसर. चाचांनी “हे काय आता” म्हणत मान वर केली.

तेवढंच. मान वर केली नसती तर काचा केसांत पडल्या असत्या.

माझ्या ओरडण्यानं सिस्टर आल्या. मी त्यांना रागावलेलं शेकडो वेळा पाहिलं होतं, पण त्या क्षणी त्यांच्या आवाजात राग नव्हता. “चाचा, मी हाय. हात खाली. डोळा चोळायचा न्हाई, धुवायचा न्हाई. माझ्याकडं लक्ष द्या.” चहाचा कागदी कप घेतला, तो डोळ्यावर पालथा ठेवून चिकटपट्टीनं बसवला, दुसरा डोळाही झाकला, म्हणजे जखमी डोळा हलणार नाही. गिरणीवाल्यानंच आपली जीप काढली. नगरपर्यंत सिस्टरांनी चाचांचं डोकं मांडीवर धरलं होतं. उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या त्या रस्त्यावर जीप जिथे जिथे आदळली तिथे तिथे त्या हळूच म्हणायच्या, “झालं, झालं, पोचलोच.”

उजवा डोळा वाचला नाही.

आठवड्याभरात साहेबांच्या कार्यालयातला माणूस येऊन पाहणी करून गेला. डीपीकडे त्यानं मान वळवूनही पाहिलं नाही. चाचांच्या दुकानातल्या वायरचा फोटो काढला, आणि अहवाल दिला की अपघात ग्राहकाच्या घरातल्या सदोष वायरिंगमुळे झाला.

ते ऐकलं त्या संध्याकाळी सिस्टरांनी जिन्याखालचं पोतं अंगणात ओतलं. “मॅडम, सुतळी आना,” म्हणाल्या. मी आणली. दोघींनी बसून मेलेल्या दिव्यांचा हार गुंफला.

दुसऱ्या दिवशी कार्यालयाच्या वेळेत आम्ही गेलो. सिस्टरांच्या पिशवीत शाल, श्रीफळ आणि फडक्यात गुंडाळलेला हार. गल्लीतले बरेच लोक मागून आले. सिस्टर आत जाऊन गोड आवाजात म्हणाल्या, “साहेब, आमच्या गल्लीतर्फे तुमचा सत्कार करायचाय.” साहेब उठून उभे राहिले. शाल पांघरली. नारळ हातात दिला. मग सिस्टरांनी हार काढला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं साहेबांनी हात जोडून मान खाली केली. काचा किणकिणल्या तेव्हा त्यांना कळलं.

“हा पयला दिवा माझ्या सयंपाकघरातला,” सिस्टर म्हणाल्या, “हा मॅडमच्या खोलीतला. आन् मधी जागा मोकळी ठेवलीय ती चाचांच्या दिव्याची. तो घालता येत न्हाई, कारन त्याचे तुकडे डॉक्टरनं त्यांच्या डोळ्यातून काढलेत. एका मानसाचा डोळा घेऊन तुमी म्हनता वायर खराब. साहेब, त्या खुर्चीत बसून तुमाला झोप लागती का?”

मागे लोकांचे मोबाईल वर झाले होते.

त्याच दुपारी डीपीवर माणसं आली. सामान नव्हतं ना? ते आलं. परवानगी नव्हती ना? ती मिळाली. लाईनमन वर चढला, जळालेला जोड कापला, नवा बसवला, आवळला आणि खाली उतरला. एवढ्या वेळात घरी चहाही धड उकळला नसता. सिस्टर गटाराच्या कठड्यावर बसून बघत होत्या. तो उतरला तेव्हा म्हणाल्या, “एवढंच हुतं?” आणि तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. दुःखाचं नव्हतं ते रडणं. त्या दातओठ खात रडत होत्या. “एवढ्यासाठी? आरं, एवढ्यासाठी?”

पण या प्रकरणातला सगळ्यात संतापजनक भाग पुढेच आहे. तो व्हिडिओ जिल्हाभर फिरला. कुणीतरी त्याला ढोलकीचं गाणं जोडलं. ‘आजींचा खतरनाक सत्कार’. साहेब मान खाली घालतात तेवढंच पुन्हा पुन्हा दाखवायचं आणि हसायचं. चाचांच्या डोळ्याचं वाक्य कापून टाकलेलं. माझ्या कॉलेजातल्या मुलांनीही मला तो दाखवला, “मॅडम, या तुमच्या घरमालकीणबाई ना?” वर्गात सगळे हसत होते. माझ्या हातातला खडू मोडला.

चाचांनाही कुणीतरी दाखवला. त्या दिवसापासून त्यांनी सिस्टरांशी बोलणं टाकलं. सिस्टर डबा घेऊन गेल्या तर पडद्याआडून त्यांची बायको डबा घ्यायची. चाचांचा आवाज मला भिंतीतून ऐकू आला, “माझा डोळा गेला, अन् लोकं हसत्यात. मला इचारलं हुतं का त्यांनी?” सिस्टर बाहेर ऐकत उभ्या होत्या. परत येऊन रिकाम्या ओसरीत बसून राहिल्या. त्या संध्याकाळी वीज दोनदा नेली. ताट वाजलं नाही.

पुढचं आधीच सांगून टाकते. साहेबांची बदली झाली, पलीकडच्या तालुक्यात. गावानं फटाके वाजवले. सिस्टर मात्र भडकल्या, “बदली ही शिक्षा कुनाला? तिकडच्या लोकांनी काय केलं हुतं?” साहेबांनी जाण्याआधी सिस्टरांवर तक्रार दिली होती, सरकारी कामात अडथळा आणल्याची. ते प्रकरण अजून कोर्टात आहे. सिस्टर तारखेला एसटीनं जातात, टेस्टर खोचून. अपघाताचा खोटा अहवाल बाजूला ठेवून नव्यानं चौकशी झाली, आणि दोष डीपीच्या जोडाचा होता हे लिहून मिळालं. डोळा मिळाला नाही. मी आता नगरला असते. इथे स्टँडवरच्या पाटीवर अहिल्यानगर लिहिलेलं आहे, कंडक्टर नगरच ओरडतो, आणि अंधार झाला की माझ्या सोसायटीत सगळे “गेली” म्हणतात. मी एकटी “नेली” म्हणते. लोक माझ्याकडे बघतात.

पण ती नवी चौकशी सुरू झाली ती पोलीस चौकीतल्या एका दुपारमुळे, आणि सिस्टरांचं नाव निघालं की मला तीच दुपार आठवते.

साहेबांच्या तक्रारीवरून त्यांना बोलावलं होतं. मी बरोबर गेले होते. चौकीतले अंमलदार वयानं लहान, बहुधा सिस्टरांच्याच हातून जन्मलेले. कसनुसं हसत म्हणाले, “सिस्टर, वाढवू नका. माफीचे दोन शब्द लिहून द्या. साहेब तक्रार मागं घेतील. मिटवून टाकू.”

मला वाटलं, आता भडका उडणार. सिस्टर खाली बघत बसल्या होत्या. म्हणाल्या, “मागायची हाय मला माफी.”

तेवढ्यात दारात कुणीतरी उभं राहिलं. काळा चष्मा, मेंदीची दाढी, एक हात बायकोच्या खांद्यावर. चाचा. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. सिस्टरांना आज बोलावलंय हे गल्लीत कळलं होतं, तेवढंच.

सिस्टर उठल्या. टेबलाकडे पाठ केली आणि चाचांपुढे हात जोडले. “चाचा, तुमचा डोळा मी तुमाला न इचारता चारचौघांत मिरवला. राग माझा हुता, डोळा तुमचा हुता. माझं चुकलं. त्या साहेबाची माफी मी मेले तरी मागनार न्हाई. तुमची मागते.”

एका डोळ्याला अंतर कळत नव्हतं, चाचा चाचपडत पुढे आले, खुर्चीची पाठ हाताला लागली तसे बसले. मग अंमलदारांना म्हणाले, “सिस्टरांचं मागाहून बघा. आधी माझं लिवा.”

“तुमचं काय चाचा? तुमची तक्रार आहे?”

“हाय.”

“मग इतके दिवस का नाही आलात?”

“पाहनी करनारा आला, त्यानं वायरीला इचारलं. मोबाईलवाले आले, त्यांनी सिस्टरांना इचारलं. मला कुनी इचारलंच न्हाई.” चाचांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. “तुमी पयले.”

अंमलदारांनी कागद पुढे ओढला. बाहेरून कुणी आत यायला लागलं, त्यांनी हातानंच थांबवलं.

“सांगा.”

“मी काज करत हुतो,” चाचा म्हणाले. त्यांच्या त्या हळू आवाजात, पण चौकीत इतकी शांतता होती की प्रत्येक शब्द ऐकू येत होता. “काळ्या कापडावर काळा दोरा. ढग आलं हुतं. दिवा लावला. आधी तो पांढरा झाला…”

सिस्टर भिंतीला टेकून उभ्या होत्या. चाचांचं सांगणं संपेपर्यंत त्या मध्ये एक शब्दही बोलल्या नाहीत.